आकारामची सही

लोकांना वाटतं, इन्कमटॅक्सवाल्यांना सगळं कळतं. डोंबलाचं कळतं! एका साहेबाच्या टेबलावर दोन-दोन हजार फायली. तो काय एकेक उघडून पोथीसारखी वाचत बसणार आहे? गेल्या सालचा आकडा बघतो, यंदाचा बघतो, दोन्ही जवळपास असले की शिक्का मारतो आणि चहा मागवतो. जी फाईल एकदम फुगते, एकदम आटते, जिच्यात काल होता तो माणूस आज नसतो, ती तो बाजूला काढतो. मग नोटीस, मग वह्या घेऊन या, मग बायकोच्या पाटल्या कुठून आल्या ते सांगा. म्हणून प्रत्येक अशिलाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, फाईल शांत ठेवा. दरसाल थोडी वाढ, थोडा कर, गेल्या साली होतं तसंच यंदा. तुमची फाईल बघून साहेबाला जांभई आली पाहिजे.

ही माझी विद्या, आणि तिच्यावर मी राजारामपुरीत घर बांधलं. लोक मला वकील म्हणायचे. मी वकील नव्हतो, साधा बी.कॉम. होतो, पण कोल्हापुरात कागद वाचणारा माणूस म्हणजे वकीलच. त्र्यंबकरावांकडं फाईल दिली की बिनघोर झोपा, असं उद्यमनगरात म्हणायचे. झोपत असतील बापडे. माझी झोप कधी गेली ते मी आता सांगतो, आणि मधे बोलू नका, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उद्यमनगरात हंबीरराव आणि आकाराम या दोघा भावांचा कारखाना होता. ऑईल इंजिनचे सुटे भाग करायचे. फर्म दोघांची, नफा निम्मा-निम्मा, त्यामुळं दोघांच्याही फायली लहान आणि गरीब गाईसारख्या. थोरला हंबीरराव हिशेबाचा, माझ्याकडं तोच यायचा. धाकट्या आकारामला मी चार-दोनदा लेथवर वाकलेला पाहिला असेल, तेवढाच. त्याचे फॉर्म हंबीरराव कारखान्यातून सही करून आणायचा. आकाराम मराठीत सही करायचा, ठसठशीत, खाली एक लांब रेघ ओढून.

पंचगंगेला पूर आला की आमच्याकडची पोरं पुलावरून उड्या मारतात. शहाणपणा नाही, पण पद्धत आहे, आणि उडी मारणाऱ्याला बघायला अख्खी पेठ लोटते. सदुसष्टच्या ऑगस्टात आकारामनं मारली. तालमीतला गडी, अठ्ठावीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. उडी मारताना दोनशे माणसांनी पाहिला. वर येताना एकानंही नाही. हंबीरराव आठ दिवस काठाकाठानं नरसोबाच्या वाडीपर्यंत हिंडला. काही सापडलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, मिरजेच्या स्टेशनावर दिसला. अशा वेळी माणूस कुणाला तरी मिरजेला दिसतोच!

त्याच्या मागं राहिली चिमणाबाई. एकवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं, मूल नाही. माहेर शाहूवाडीकडचं, भाताच्या शेतीवरचं. सातवी शिकलेली. देह सापडला नाही म्हणून तेरावा नाही, तेरावा नाही म्हणून कुंकू पुसलेलं नाही. आमच्यात असं आहे की देह न सापडलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, आणि मग दर्भाचा पुतळा करून तो जाळायचा. तोवर बाई सवाष्णही नाही आणि विधवाही नाही.

पुढल्या जूनला हंबीरराव फॉर्म घेऊन आला. म्हणाला, आकारामचं नाव आता कमी करूया. मी त्याला वेड्यात काढलं. दोघांची फर्म, त्यातला एक गेला की फर्म मोडली. सगळा नफा तुझ्या एकट्याच्या डोक्यावर, कर दुपटीच्या वर, आणि साहेब विचारणार, हा दुसरा कुठं गेला, त्याचा हिस्सा कुणाला दिला? मेला म्हणावं तर दाखला कुठं आहे? मी म्हणालो, यंदापुरता राहू दे त्याला. जसंच्या तसं. पुढल्या साली हळूच काढू.

‘आन् सही?’ हंबीररावनं विचारलं.

सहीचं मी बघतो, म्हणालो. काय मस्ती होती मला! हंबीरराव गेल्यावर जुना फॉर्म समोर ठेवला आणि रद्दी कागदावर गिरवली. पहिली जमली नाही. दुसरी बरी आली. तिसऱ्या वेळेला हात असा चालला की मीच बघत राहिलो. मग फॉर्मवर केली, खाली तारीख घातली, चोवीस जून अडुसष्ट. शाई जराशी पसरली. पावसाळी हवा, म्हटलं, आणि टिपकागद दाबला.

आता माझी चूक ऐका. तीस वर्षांत मी कुणाचा पत्ता चुकवला नाही, आणि ही चूकही पत्ता न चुकवल्यामुळंच झाली. जसंच्या तसं म्हणजे जसंच्या तसं. गेल्या सालच्या फॉर्मवर आकारामचा मंगळवार पेठेतल्या घरचा पत्ता होता, तोच मी उतरवला. आणि वडिलांच्या नावाचा रकाना भरायचा राहिला. इन्कमटॅक्स हपिसातल्या कारकुनानं फॉर्म परत पाठवला, एवढं भरून द्या म्हणून. पाकिटावर नाव आकारामचं. पोस्टमननं ते चिमणाबाईच्या हातात दिलं.

त्याच महिन्यात तिचं सगळं ठरत आलं होतं. तिच्या भावांनी गुरुजींना विचारलं होतं. दोनशे माणसांनी बघितलंय, बारा वर्षं कशाला थांबता, वर्ष झालं की पुतळा करा, पोरीला मोकळी करा, असं गुरुजी म्हणाले. वारणानगरला साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक बिजवर तयार होता. निर्व्यसनी माणूस, एक लहान मुलगी पदरात. त्याच्याशी पाट लावायचा. चिमणाबाई चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी हो म्हणाली. हे हंबीररावनंच मला सांगितलं होतं, आणि बरं झालं म्हणाला होता. येत्या रविवारी पावणे येणार होते.

ती माझ्या हपिसात आली ती धावतच. दुपारची वेळ होती, हंबीरराव समोरच बसला होता. तिनं फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि सहीवर बोट ठेवलं. ती माहेरी असताना आकारामनं धाडलेली पत्रं तिनं जपून ठेवलेली. सही तिला पाठ होती. तारीखही वाचली होती. उडी गेल्या ऑगस्टातली आणि सही यंदाच्या जूनमधली.

‘ह्ये जित्ते हायत,’ ती म्हणाली. ‘तुमच्याकडं येऊन सही करून गेल्यात. कुठं हायत तेवढं सांगा.’

बोलायची वेळ ती होती. तेव्हा म्हणायला हवं होतं की वहिनी, ही सही मी केली, तो गेला, तुम्ही वारणानगरला जा आणि सुखानं नांदा. एवढं वाक्य. पण खोटी सही म्हणजे फौजदारी. मला तुरुंग दिसला, बायको दिसली, चार वर्षांची माझी पद्मजा दिसली. हंबीरराव खाली फरशीकडं बघत बसला होता. मी म्हणालो, ‘कुठं आहे ते मला ठाऊक नाही. पण सही आली म्हणजे माणूस असेलच की कुठंतरी.’

तिनं तो फॉर्म कपाळाला लावला आणि परत टेबलावर ठेवला. रविवारी पावणे आले ते चहा न घेता परत गेले. वारणानगरच्या त्या माणसानं पुढं दुसरीकडं लग्न केलं. मी मात्र वडिलांच्या नावाचा रकाना भरून फॉर्म पुन्हा पाठवला, आणि साहेबानं शिक्का मारला.

पुढल्या जूनला ती दारात उभी. ‘आली का सही?’ आता काय सांगणार? सही आली नाही म्हणावं, तर तो मेला असं तिला वाटणार, आणि मी गेल्या साली काय म्हणालो ते ती विचारणार. दाखवली. तिनं उभ्याउभ्याच बघितली, पदर डोळ्यांना लावला आणि गेली. मग दरसालचंच झालं. सणवार चुकेल, पण जूनच्या अखेरीला चिमणाबाईची फेरी चुकायची नाही. मला त्या महिन्याची धडकी भरायला लागली. उन्हाळा सरत आला की जेवण जायचं नाही.

बहात्तर साली मी हंबीररावला म्हणालो, आता पुरे, काढूया त्याला. तो माझ्याकडं बघून हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. ‘वकील, तुमीच म्हणालता, एकदम काढलं की साहेब जागा हुतोय. आता तर एक न्हवं, पाच सह्या हायत.’ माझीच विद्या मला शिकवत होता, आणि खरं तेच होतं. एक खोटी सही लपवायला दुसरी, दुसरी लपवायला तिसरी. खाई त्याला खवखवे म्हणतात. खाल्लं हंबीररावनं, खवखवत होतं मला.

आणि मग ते दुसरं सुरू झालं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अमावास्येला केस कापतो. पण त्या एका फॉर्मवर शाई पसरायची ती पसरायचीच. पेन तेच, दौत तीच, कागद त्याच गठ्ठ्यातला. हंबीररावच्या फॉर्मवर अक्षर कोरडं ठणठणीत, आणि आकारामच्या सहीखाली मात्र कागद दमट. एका साली मी तो खिडकीत उन्हात धरून मग सही केली. तरी पसरली, आणि खोलीत पुराच्या गढूळ पाण्याचा वास आला. बायकोला हाक मारून विचारलं, कसला वास येतोय का? ती म्हणाली, कसला?

त्र्याहत्तरला बँकेतून माझा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेत जाऊन बघतो तर माझ्या नावाच्या जागी आकाराम, आणि खाली लांब रेघ. मॅनेजर ओळखीचा, त्याला वाटलं मी थट्टा केली. मग पद्मजाच्या शाळेतून निरोप आला, प्रगतीपुस्तकावर पालकाची सही म्हणून हे कुणी नाव लिहिलंय? पोरगी रडत घरी आली. बाईंनी तिला, तूच केलीस काय, म्हणून छडी मारली होती. त्या दिवसापासून सही करण्याआधी मी स्वतःचं नाव मनात तीनदा म्हणायचो. त्र्यंबक, त्र्यंबक, त्र्यंबक. हसू नका. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये.

पंचाहत्तरच्या सहीत अक्षर थरथरलं. मी थरथरवलं नव्हतं. माझा हात दगडासारखा स्थिर होता, हे मी देवीच्या पायावर हात ठेवून सांगीन. चिमणाबाईनं ते लगेच ओळखलं. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली की हात थकल्यासारखा वाटतोय, खात-पीत नसतील नीट. ती गेल्यावर मी दार लावून रडलो. एका बाईचा जन्म मी शाईत बुडवला होता, आणि ती त्या शाईची तब्येत बघत होती.

एकोणऐंशीच्या ऑगस्टात बारा वर्षं झाली. हंबीरराव एव्हाना थकला होता. मला म्हणाला, साहेब येऊ द्या न्हाईतर त्याचा बाप येऊ द्या, पर भावाला आगीनं मोकळा करतो आन् फाईलबी बंद करा. भावकी जमली, गुरुजी ठरले. पण चिमणाबाई अडून बसली. दोन महिन्यांपूर्वी ज्या माणसाची सही आलीय, त्या जित्या माणसाचा पुतळा जाळायला तुम्ही कोण, असं तिनं चुलतसासऱ्यांना तोंडावर विचारलं. कुणाला काही सुधरेना. हंबीरराव माझ्याकडं आला आणि नुसता बसून राहिला. त्यानं काही मागितलं नाही. मीच उठलो, कोट घातला.

मंगळवार पेठेत त्यांच्या सोप्यावर मी चटईवर बसलो. चिमणाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तेहेतीस वर्षांची झाली होती, कानशिलावर चार केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी सगळं सांगितलं. फाईल, कर, रद्दी कागदावरचं गिरवणं, ती तारीख. ती ऐकत होती, पण तोंडावर काही उमटत नव्हतं. मला वाटलं, पटत नाही हिला. म्हणून खिशातून कागद काढला, पेन काढलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत सही केली.

‘ही बघा. सगळ्या मीच केल्या. तो बारा वर्षांपूर्वीच गेला, वहिनी.’

मला शिव्या पाहिजे होत्या. पायतान काढून चार मारली असती तर मी अंबाबाईला नारळ फोडला असता. तिनं फक्त विचारलं, ‘मग तवा का बोलला न्हाईसा?’

‘भ्यालो,’ म्हणालो.

‘त्या रविवारी मी हिरवा चुडा भरनार हुते,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही. ‘त्यांची पोरगी चार वर्साची हुती. तिला परकर शिवलाता मी.’

तिनं पुढं येऊन कागद उचलला. मला वाटलं, आता फाडेल, आणि सुटलो. पण ती सहीकडं बघत नव्हती. माझ्या हाताकडं बघत होती.

‘तुमी आदी खालची रेघ वडली,’ ती म्हणाली. ‘मग तिच्यावर नाव. लोक नाव लिवून खाली रेघ मारत्यात. ह्ये मातर आदी रेघ वडायचं. झालेल्या सहीवरनं ते कळत न्हाई. तुमी त्यांला सही करताना कवा बघितलंय?’

कधीच बघितलं नव्हतं. फॉर्म सही होऊनच यायचे. आणि मी आधी रेघ ओढतो हे बारा वर्षांत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. चिमणाबाईनं कागदाची घडी घातली आणि चोळीत ठेवली. पुतळ्याला मात्र तिनं नाही म्हटलं नाही.

पुतळा जाळला. पंचगंगेच्या घाटावर हंबीररावनं अग्नी दिला, मी लांब उभा होतो. दर्भ ओला होता की काय कोण जाणे, पेटता पेटत नव्हता. चिमणाबाईनं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही, आणि तिला ते काढ म्हणायची छाती भावकीत कुणाला झाली नाही. आकारामची फाईल मी बंद केली. हंबीररावला नोटीस आली, वह्या तपासल्या, दंड बसला, त्यानं निमूट भरला. माझं नाव त्यानं कुठंही घेतलं नाही. एवढ्यावर निभावलं म्हणून मी सत्यनारायण घातला. खरंच, वाटलं होतं सुटलो.

ऐंशीच्या जूनमध्ये, महिन्याच्या अखेरीला, सकाळी अकराच्या सुमाराला चिमणाबाई दारात उभी राहिली. दारात थांबलीही नाही, आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. बारा वर्षांत ती कधी बसली नव्हती. चोळीतून एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. वहिनी, फाईल संपली, फॉर्म नाही, साहेब नाही, तुम्हाला सगळं खरं सांगितलं, पुतळा जळाला, अजून काय पाहिजे तुम्हाला? वारणानगर मी बुडवलं, कबूल. पैसे पाहिजेत? देतो. तुमच्या भावांपुढं नाक घासतो. पण हे नको. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला एवढा माझा आवाज चढला होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कागद आणखी बोटभर पुढं सरकवला.

‘पाप तुमचं असंल,’ ती म्हणाली. ‘पर हात त्यांचा हाय. मला बघू द्या.’

तिला घालवायची म्हणून मी पेन उचललं. मनात म्हणालो, त्र्यंबक, त्र्यंबक. आधी नाव लिहायचं ठरवलं होतं, मुद्दाम, उलटं. पण हातानं आधी रेघ ओढली. लांब, सरळ. मग तिच्यावर नाव बसवलं. कागद दमट झाला आणि माझ्या बाहीतून पाण्याचा वास आला.

चिमणाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, नवऱ्यासमोर बाई घेते तसा. ती सहीकडं बघत नव्हती. माझ्याकडंही नाही. माझ्या हाताकडं बघून, अगदी हळू, चोरून बोलावं तशी तिनं विचारलं, ‘तब्येत बरी हाय न्हवं?’

मला सांगायचं होतं की वहिनी, मी त्र्यंबक, घरी जा. जीभ उचललीही होती.

‘बरी हाय,’ मी म्हणालो. ‘तू जेवलीस का?’